वरून पाहायचा मासा

नाशिकच्या शोभिवंत माशांच्या दुकानात काचेच्या टाकीपुढे उभं राहिलं की लाल-पांढरे, काळे-पिवळे, शेंदरी, चंदेरी मासे एकाच घोळक्यात फिरताना दिसतात. सगळ्यांना नाव एकच, कोई. भाव ठरतो लांबीवर. दोन इंचीचा वेगळा, चार इंचीचा वेगळा. गिऱ्हाईक बोट दाखवतं, जाळी फिरते, मासा पाण्यासकट पिशवीत जातो. जपानच्या नीगाता प्रांतातला मासेपालक याच घोळक्यातून मासा निवडायला आला, तर तो आधी मासे काचेतून बाहेर काढेल, निळ्या रंगाच्या उथळ टबात सोडेल आणि टबाच्या काठाशी उभा राहून खाली बघेल.

कोई हा वरून पाहायचा मासा आहे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की जपानी भाषेतली कोईबद्दलची शंभरेक नावं आणि विशेषणं आपोआप जागेवर बसतात. कारण हे शब्द काचेच्या टाकीसमोर जन्मलेच नाहीत. ते डोंगरातल्या भातखाचरांच्या वरच्या अंगाला असलेल्या तळ्यांच्या काठावर जन्मले. तळ्यातल्या माशाचं पोट कुणाला दिसत नाही. दिसते ती पाठ, डोकं, खांद्यापासून शेपटीपर्यंतचा पट आणि दोन्ही बाजूंना पसरलेले पर. शब्द त्याच भागांसाठी तयार झाले.

असा शब्दसंग्रह आपल्याला परका नाही, फक्त तो माशांचा नाही. नाशिक विभागातच, नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार भरतो. तिथे ‘पांढरा घोडा’ एवढं म्हणून कुणी सौदा करत नाही. तो नुकरा आहे की सब्जा, कुमैत आहे की मुश्की, अबलख असेल तर पट्टे कुठे, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याण आहे का, मानेवर देवमण आहे का, अंगावर भोवरे कुठे कुठे आहेत, हे सगळं पाहिलं आणि बोललं जातं. खुणेला नाव आहे, नावाला किंमत आहे, आणि ते नाव उच्चारलं की ऐकणाऱ्याची नजर घोड्याच्या नेमक्या त्या जागेवर जाते. कोईच्या जपानी शब्दांचं काम हेच आहे.

माशांच्या बाबतीत मात्र आपली भाषा वेगळ्या वाटेने गेली. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ रचला, त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. खवले असलेले आणि नसलेले, समुद्रातले आणि नदीतले, लहान-मोठे अशी माशांची वर्गवारी त्यात केली आहे, पण ती गळ टाकून मासे धरण्याच्या खेळासाठी. गोदावरीकाठी आजही मरळ, वाम, रोहू, कटला, मृगळ, चिलापी ही नावं जाळ्याची आणि बाजाराची आहेत. कुठल्या माशाला काटे किती आणि चव कशी, हे आपल्याला ठाऊक असतं. पाठीवर ठिपका कुठे हवा याचा विचार करायची वेळच आली नाही.

जपानमध्येही सुरुवात जेवणापासूनच झाली. नीगाता प्रांतातला यामाकोशी आणि ओजियाचा डोंगराळ भाग हिवाळ्यात कित्येक फूट बर्फाखाली जातो आणि गावं जगापासून तुटतात. तिथले शेतकरी भाताला पाणी पुरवणाऱ्या तळ्यांत काळा कार्प पाळत. या साध्या काळ्या माशाला ‘मागोई’ म्हणतात. हिवाळ्यात मासळी हवी म्हणून ही सोय होती. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत या काळ्या माशांच्या पोटी मधूनच लाल, मधूनच पांढरी पिल्लं निपजू लागली. रंगीत मासा खायला न घेता कुणीतरी बाजूला ठेवला, शेजाऱ्याने आपला लाल मासा त्याच्या पांढऱ्याशी जुळवला, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे चालत राहिलं. या कामात राजवाडा नव्हता, मठ नव्हता. बर्फात अडकलेले शेतकरी होते, आणि मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. जगातल्या श्रीमंतांच्या बागांत आज जे मासे फिरतात त्यांचं सौंदर्यशास्त्र भातशेती करणाऱ्यांनी घडवलं.

1914 मध्ये टोकियोच्या उएनो भागात भरलेल्या तैशो प्रदर्शनात नीगाताचे रंगीत मासे मांडले गेले आणि शहरी जपानने ते पहिल्यांदा डोळे भरून पाहिले. तोवर त्यांना ठरलेलं एक नावही नव्हतं. रंगीत कार्प, नक्षीचा कार्प, फुलांचा कार्प असं लोक म्हणत. आज रूढ असलेला ‘निशिकिगोई’ हा शब्द नंतर पक्का झाला. ‘निशिकी’ म्हणजे जरतारी विणीचं भारी कापड. आपल्याकडचं ‘कोई’ हे त्या शब्दाचं शेपूट आहे आणि त्याचा अर्थ नुसता कार्प मासा.

आता शब्दांकडे वळू. सगळं घर तीन खांबांवर उभं आहे: कोहाकु, सांके आणि शोवा. या तिघांना मिळून ‘गोसांके’ म्हणतात. मूळ गोसांके म्हणजे तोकुगावा शोगुनांच्या कुळाच्या तीन मानाच्या शाखा. शेतकऱ्यांनी तो मान आपल्या तीन माशांना देऊन टाकला. मोठ्या प्रदर्शनांत सर्वोच्च बक्षीस जवळजवळ नेहमीच या तिघांपैकी एकाला जातं.

कोहाकु म्हणजे पांढऱ्या अंगावर लाल नक्षी. दोनच रंग, म्हणून नवशिक्याला तो सोपा वाटतो. जाणकाराला तो सर्वांत कठीण वाटतो, कारण लपायला जागाच नाही. पांढऱ्या भुईला ‘शिरोजी’ म्हणतात. ती दुधासारखी स्वच्छ हवी, पिवळट झाक आली की मासा पडला. लालला ‘हि’ किंवा ‘बेनी’ म्हणतात. हा लाल केशरीकडे झुकणारा की किरमिजीकडे, यावर घराण्यांचे वाद आहेत, पण तो डोक्यापासून शेपटीपर्यंत एकाच दाटीचा हवा याबद्दल कुणाचा वाद नाही.

मग येते नक्षीची मोजणी. लाल डाग दोन असतील तर नी-दान, तीन असतील तर सांदान, चार असतील तर योंदान. ‘दान’ म्हणजे पायरी. डोक्यावरून सुरू होणारा लाल पट्टा न तुटता नागमोडी वळत शेपटीपर्यंत गेला तर इनाझुमा, म्हणजे वीज. न तुटता, न वळता सरळ गेला तर मात्र तो इप्पोन-हि, आणि तो कमी प्रतीचा. दोन्हींत लाल सलगच आहे, फरक वळणाचा आहे. वरून पाहणाऱ्या डोळ्याला प्रवास हवा असतो. सरळ पट्ट्यावरून नजर घसरत जाते, वळणावर थांबते. शेपटीच्या मुळाशी लाल संपल्यावर थोडा पांढरा भाग राहिला पाहिजे, त्याला ‘ओजिमे’ म्हणतात. लाल थेट शेपटीत घुसला तर तो दोष. उलट शेपटीकडचा मोठा भाग लालशिवाय कोराच राहिला तर ‘बोंगिरी’, आणि तोही दोष. डोक्यावरचा लाल डोळ्यांपाशी थांबावा. तो नाकाडावरून खाली उतरून सगळा चेहरा झाकू लागला तर ‘मेंकाबुरी’. मुख्य डागांपासून सुटून इकडेतिकडे पडलेले लाल ठिपके नकोत, आणि पांढऱ्यावर तिळाएवढे काळे ठिपके, ज्यांना ‘शिमी’ म्हणतात, तेही नकोत.

कोहाकुबद्दलचे दोन शब्द मला सगळ्या कोशात सर्वांत अप्रतिम वाटतात: ‘साशी’ आणि ‘किवा’. ते समजायला माशाच्या खवल्यांची मांडणी डोळ्यांपुढे आणावी लागते. खवले घराच्या कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. डोक्याकडच्या खवल्याची मागची कड शेपटीकडच्या खवल्यावर टेकलेली असते. आता पांढऱ्या भागानंतर लाल डाग जिथे सुरू होतो तिथे काय होईल? शेवटचा पांढरा खवला पहिल्या लाल खवल्यावर चढलेला असतो, म्हणून त्याच्याखालून लाल गुलाबी होऊन डोकावतो. डागाची पुढची कड थोडी धूसर दिसते. ही धूसर पट्टी म्हणजे साशी. आणि लाल जिथे संपतो तिथे? शेवटचा लाल खवला पहिल्या पांढऱ्यावर चढलेला असतो, त्यामुळे तिथली कड कापल्यासारखी स्पष्ट असते. ती किवा.

म्हणजे एकाच डागाची पुढची कड मऊ आणि मागची कड धारदार, आणि दोन्ही बरोबर. नवखा माणूस पुढची धूसर कड पाहून रंग उतरलाय म्हणेल. जाणकार तीच साशी वाकून पाहतो, कारण साशी अजून दिसत असेल तर मासा तरुण आहे, त्याचा रंग अजून घट्ट व्हायचा आहे, वाढीला जागा आहे. पांढरे खवले जाड होत गेले की साशी मावळते. दोन अक्षरांच्या शब्दात शरीररचना, वय आणि भविष्य सामावलं आहे, आणि हा शब्द प्रयोगशाळेतून आलेला नाही.

दुसरा मासा सांके, पूर्ण नाव तैशो सान्शोकु. पांढऱ्यावर लाल, आणि त्यावर थोडा काळा. जपानचा तैशो कालखंड 1912 ते 1926 आणि हा मासा त्या काळात स्थिरावला, म्हणून हे नाव. तिसरा शोवा, पूर्ण नाव शोवा सान्शोकु. त्यातही लाल, पांढरा, काळा हेच तीन रंग. शोवा कालखंड 1926 ला सुरू झाला आणि 1927 मध्ये जुकिची होशिनो यांनी काळ्या-पिवळ्या ‘की उत्सुरी’चा कोहाकुशी संकर करून हा मासा काढला.

तीन रंग दोघांतही आहेत, मग ओळखायचं कसं? नाशिकच्या दुकानातच काय, जगभर नवशिके इथे अडतात. उत्तर काळ्या रंगात आहे. काळ्याला ‘सुमि’ म्हणतात, म्हणजे शाई. सांकेमधला सुमि पाठीवर वरवर ठेवल्यासारखा असतो. छोटे, सुटे ठसे, बहुतेक शरीराच्या मध्यरेषेच्या वरच, आणि डोक्यावर एकही नाही. शोवामधला सुमि खालून वर येतो. तो पोटाकडून पाठीवर चढतो, अंगाला वेढे घालतो आणि डोक्यावरही जातो. सांके हा पांढरा मासा आहे ज्यावर काळा आला, शोवा हा काळा मासा आहे ज्यावर पांढरा आणि लाल आले. परांकडे पाहिलं तर खात्री पटते. छातीच्या परांवर सांकेला फार तर बारीक काळ्या रेघा असतात, त्या ‘तेजिमा’. शोवाच्या परांच्या मुळाशी काळा गोळा असतो, तो ‘मोतोगुरो’. शोवाच्या डोक्यावरून काळी रेघ तिरकी जाऊन डोकं दोन भागांत विभागत असेल तर त्या नक्षीला ‘हाचिवारे’ म्हणतात आणि ती फार मानाची आहे.

याचा पुरावा पिल्लांतच मिळतो. शोवाची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तेव्हा त्यांत दोन तऱ्हा असतात, फिकट आणि काळी. पालक थोड्याच दिवसांत फिकट पिल्लं काढून टाकतो आणि काळीच ठेवतो. पांढरा आणि लाल त्यांच्यावर नंतर उमटतो. कोहाकुच्या पिल्लांत मात्र पहिली निवड करायला महिना-दीड महिना थांबावं लागतं.

डोक्यावरच्या खुणांचं एक वेगळं दालन आहे. सगळं अंग पांढरं आणि फक्त डोक्यावर एक लाल गोल असेल तर तो ‘तांचो’. तांचो हे जपानी लाल टोपीच्या क्रौंच पक्ष्याचं नाव आहे, आणि पांढऱ्यावर लाल गोल म्हणजे जपानचा झेंडाही. डोक्यावर सुटा गोल आहे, पण अंगावरही लाल डाग आहेत, तर ‘मारुतेन’. ओठांवर लाल ठिपका असेल तर ‘कुचिबेनी’, म्हणजे ओठांना लावायची लाली. कुचिबेनी एकेकाळी चेष्टेची बाब होती, आज डोक्यावरचा लाल थोडा उणा असेल तर तोल सावरणारी खूण म्हणून ती आवडीने घेतात. देवमण असलेल्या घोड्यावर जसा सौदा चढतो तसा चांगल्या मारुतेनवर चढतो.

गोसांकेच्या बाहेर पसारा मोठा आहे आणि तिथे मी भराभर चालतो. पांढऱ्या, लाल किंवा पिवळ्या अंगावर सांकेसारखे सुटे काळे ठसे असतील तर तो ‘बेक्को’, म्हणजे कासवाच्या पाठीची ढाल. काळ्या अंगावर पांढऱ्या, लाल किंवा पिवळ्याचे पट्टे असतील तर ‘उत्सुरी’. पाठ निळसर राखी, खवल्यांची जाळी स्पष्ट आणि गाल-पोट तांबूस तो ‘आसागी’, हा जुन्या जातींपैकी एक. पाठभर धातूची चमक असलेला एकरंगी मासा म्हणजे ‘ओगोन’. सावाता आओकी यांनी 1921 च्या सुमारास पाठीवर सोनेरी झाक असलेला एक काळा कार्प मिळवला आणि मुलाच्या साथीने पिढ्यांमागून पिढ्या निवड करत दुसऱ्या महायुद्धानंतर हा पूर्ण सोनेरी मासा काढला. ‘चागोई’ चहाच्या रंगाचा, दिसायला साधा, पण भराभर वाढणारा आणि माणसाच्या हातातून खायला सगळ्यांत आधी येणारा. बुजऱ्या माशांच्या तळ्यात एक चागोई सोडला की बाकीचे त्याच्यामागून वर येऊ लागतात, म्हणून जाणते पालक तो आवर्जून ठेवतात.

काही शब्द जातीचे नाहीत, पोताचे आहेत. ते कुठल्याही जातीला जोडता येतात. प्रत्येक खवला चांदीच्या कणीसारखा चमकत असेल तर ‘गिनरिन’. खवल्याच्या मधोमध गडद ठिपका असेल तर ‘मात्सुबा’. आणि अंगावर खवलेच नसतील, किंवा फक्त पाठीच्या कण्यावर दोन ओळी असतील, तर ‘दोइत्सु’. दोइत्सु म्हणजे जर्मन. युरोपात मठांच्या तळ्यांत आणि स्वयंपाकघरांसाठी कमी खवल्यांचा कार्प निवडून वाढवला गेला होता. तो 1904 मध्ये जपानला आला तो अन्नासाठीच. योशिगोरो आकियामा यांनी 1910 च्या सुमारास त्याचा आसागीशी संकर केला आणि निळ्या पाठीवर खवल्यांची एकच रांग असलेला ‘शुसुइ’ जन्मला. युरोपच्या ताटातला मासा जपानच्या बागेत शिरला तो असा.

दोइत्सुंमध्ये एक ‘कुमोन्र्यू’ आहे, नक्षीदार ड्रॅगनवरून नाव पडलेला. काळ्या-पांढऱ्या रंगाचा हा मासा ऋतूनुसार नक्षी बदलतो. पाण्याचं तापमान बदललं की काळा पसरतो किंवा ओसरतो. एका वर्षी जवळजवळ पांढरा वाटलेला मासा पुढच्या वर्षी काळाकुट्ट दिसू शकतो. माशाच्या कातडीत रंगाच्या वेगवेगळ्या पेशी असतात. काळ्याच्या पेशींत मेलॅनिन असतं. लाल-पिवळ्याच्या पेशींत कॅरोटिनॉइड असतात, आणि ही द्रव्यं माशाला स्वतः बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच मिळावी लागतात. चमक तर रंगद्रव्याचीच नव्हे, पेशींतल्या बारीक स्फटिकांनी परतवलेल्या प्रकाशाची असते. म्हणून कोईचा रंग ही कायमची नोंद नाही. तो पाणी, अन्न, ऊन आणि वय यांच्याबरोबर हलतो.

यामुळेच कोईच्या भाषेत काळाचे शब्द रंगाच्या शब्दांइतकेच महत्त्वाचे झाले. पहिल्या वर्षातला मासा तोसाई, दुसऱ्या वर्षातला निसाई, तिसऱ्यातला सानसाई. आणि या सगळ्यांवरचा शब्द ‘तातेगोई’: ज्याच्यात पुढे घडण्यासारखं काही आहे, जो अजून पूर्ण झालेला नाही, असा राखून ठेवलेला मासा. एक मादी एका विणीत काही लाख अंडी घालते. उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्लं मातीच्या तळ्यांत सोडतात आणि मग निवडीमागून निवड चालते. प्रत्येक निवडीत बहुतेक पिल्लं बाद होतात, शंभरातली अगदी थोडी उरतात. ऑक्टोबरमध्ये बर्फ पडण्याआधी तळी उपसून मासे बाहेर काढतात, तो यामाकोशीतला सुगीचा काळ. त्या दिवशी टबाकडे वाकलेला माणूस आज कोणता मासा सुंदर आहे हे पाहतच नसतो. कोणता मासा तीन वर्षांनी सुंदर होईल, हे तो पाहतो. दहा इंचांवरच लखलखीत दिसणाऱ्या माशाबद्दल तो साशंक असतो. याची साशी गेली, याचा सुमि सगळा वर आला, आता याला चढायला पायरीच नाही. शेजारचा फिकट, राखी सावल्या असलेला मासा तो तातेगोई म्हणून ठेवतो, कारण कातडीखालची ती राखी सावली म्हणजे उद्याचा काळा.

आता जाणत्या कोई-विक्रेत्याचं एखादं वाक्य ऐकू: ‘निसाई, मारुतेन सांदान कोहाकु, कुचिबेनी, गिनरिन.’ पाच-सहा शब्दांत मासा डोळ्यांपुढे उभा राहतो. दुसऱ्या वर्षात आहे. पांढऱ्या अंगावर लाल. डोक्यावर सुटा गोल, मग पाठीवर दोन डाग, ओठांवर लाली, खवले चमकणारे. हे वाक्य जकार्तात, लंडनमध्ये आणि कोलकात्यात तसंच्या तसं बोललं जातं. कुणी त्याचं भाषांतर करत बसत नाही.

किंमत कुठवर जाते? ऑक्टोबर 2018 मध्ये हिरोशिमाच्या साकाई मत्स्यशेतीतला ‘एस लेजंड’ नावाचा कोहाकु लिलावात 20 कोटी 30 लाख येनला गेला. ती नऊ वर्षांची मादी होती आणि लांबी एक मीटरहून थोडी जास्त. त्याआधी 23 ऑक्टोबर 2004 च्या भूकंपाने यामाकोशी उद्ध्वस्त झालं होतं. तळी फुटली, रस्ते दरडींखाली गेले, सारं गाव हलवावं लागलं. पालकांनी वाचलेले निवडक मासे हेलिकॉप्टरने बाहेर काढले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीचं फळ त्या थोड्या माशांत होतं, ते गेले असते तर पैसे देऊन परत मिळाले नसते. 2017 मध्ये नीगाताने निशिकिगोईला प्रांताचा शोभिवंत मासा म्हणून मान दिला.

महाराष्ट्रात कोई वरून पाहायचा असेल तर पुण्याला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जावं. ओकायामा शहरातल्या कोराकुएन या जुन्या बागेच्या धर्तीवर ते केलेलं आहे, पाणी उथळ आहे आणि पुलावर उभं राहून खाली बघता येतं. नाशिकमध्ये मात्र बहुतेकांचा कोई काचेतच असतो. काचेतून त्याची फक्त बाजू दिसते, नक्षी पाठीवर असते, आणि मग सगळे कोई सारखेच वाटले तर नवल नाही. शिवाय दोन-तीन फुटांपर्यंत वाढणाऱ्या माशाला घरातली टाकी हे घर नव्हे. तो खुंटतो आणि पाणी लवकर खराब करतो. अंगणात हौद असेल, बंगल्यामागे तळं असेल, तरच कोई घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

नाशिकची हवा या माशाला मानवते. कार्पला थंडी चालते, पाणी फार गार झालं की तो खाणं थांबवून तळाशी बसतो. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे, पण नीगातासारखं बर्फ इथे नाही, त्यामुळे इथला कोई जवळजवळ वर्षभर खातो आणि वाढतो. गार पाण्यात काळा उठून येतो आणि लाल घट्ट होतो असा जपानी पालकांचा अनुभव आहे, म्हणून डिसेंबर-जानेवारीत आपल्या माशाकडे मुद्दाम पाहावं. जिल्ह्यात द्राक्ष आणि कांद्याच्या पट्ट्यात शेततळी आहेत आणि कुणाला त्यांत कोई सोडायचा मोह होतो. कागद टाकलेल्या शेततळ्यात मासा जगतो, पण यामाकोशीच्या तळ्यांतली चिकणमाती त्यात नसते. जपानी पालक त्या मातीला आणि तिच्या हिरव्या, किड्यामुंग्यांनी भरलेल्या पाण्याला रंगाचं अर्धं श्रेय देतात. इथे ती उणीव शेवाळयुक्त खाद्याने भरून काढावी लागते.

एक गोष्ट मात्र करू नये. मासा मोठा झाला, सांभाळवत नाही, म्हणून तो गंगापूर धरणात किंवा गोदावरीत सोडून देऊ नये. कोई आणि आपल्याकडे ‘सायप्रिनस’ म्हणून विकला जाणारा कार्प हे एकाच कुळातले. सायप्रिनस भारतात दोनदा आला, 1939 मध्ये श्रीलंकेहून निलगिरीत आणि 1957 मध्ये बँकॉकहून. तो तळ उकरून खातो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो आणि स्थानिक माशांच्या अंड्यांच्या जागा बिघडवतो. खाली नांदूरमध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. तिथल्या पक्ष्यांचं आणि माशांचं जगणं उथळ पाण्यातल्या वनस्पतींवर टेकलेलं आहे. रंगीत कार्पही कार्पच असतो, आणि पुढच्या काही पिढ्यांत त्याची संततीही मागोईच्या रंगावर परत येते. नको असलेला कोई ज्याच्याकडे तळं आहे त्याला द्यावा किंवा दुकानात परत करावा.

ज्याच्याकडे हौद आहे त्याने पुढच्या वेळी दुकानात एक पसरट टब मागून घ्यावा, फिक्या निळ्या रंगाचा असेल तर उत्तम. चार इंची मासा त्यात सोडावा आणि वरून पाहावा. आधी पांढरा किती स्वच्छ आहे ते, मग अंगाचा आकार, कारण वाकडी पाठ आणि बसके गाल पुढे सुधारत नाहीत. मग लालची मागची कड, मग पुढची. डोक्यावर काळा आहे का? परांच्या मुळाशी आहे का? इंचावरच्या भावात बसलेल्या घोळक्यात एखादा शोवा निघतो, एखादा मारुतेन निघतो, आणि दुकानात तो बाकीच्यांच्याच भावाला असतो. घरी आणल्यावर दरवर्षी एकाच ऋतूत, हौदाच्या काठावर उभं राहून त्याचा वरून एक फोटो काढावा. नीगाताचे पालकही हेच करतात, आणि साशी कधी मावळली, सुमि कुठून चढला, हे त्या फोटोंच्या ओळीत लख्ख दिसतं.